शेवटची ओळ मोठ्यानं

म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळात आमचं एकच घर ख्रिस्ती. त्यामुळे जगातल्या यच्चयावत ख्रिस्ती लोकांच्या वतीने खुलासे देण्याचं काम आपसूकच माझ्याकडे आलेलं आहे. गणपतीत आरती झाली की हातात खिरापतीची वाटी घेऊन कोणीतरी माझ्याजवळ सरकतं आणि विचारतं, "प्रोटेस्टंट म्हणजे नक्की काय हो?" आणि मी, ज्याला खरं तर नुसतं "आम्ही" एवढं उत्तर पुरलं असतं, तो युरोपातल्या सोळाव्या शतकापासून सुरुवात करतो. माझी बायको हे दुरून बघते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते.

एकदा असंच मी अर्धा तास बोललो. कॅथलिकांकडे मरियेला मान, आमच्याकडे नुसता आदर. त्यांच्याकडे संत आणि मूर्ती, आमच्याकडे कोरी भिंत आणि लाकडी क्रूस. त्यांची मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, रोज, आमचं प्रभुभोजन महिन्यातून एकदा. सगळं ऐकून मंडळाचे खजिनदार म्हणाले, "म्हणजे तुमच्या पाळकांना बायको असते आणि त्यांच्या फादरांना नसते, एवढंच ना?" मला फार राग आला. राग यायचं कारण असं की माझ्या अर्ध्या तासातून सामान्य माणसाच्या हाती तेवढंच लागण्यासारखं होतं.

तर अशा या जाणकार माणसाच्या मुलीने एक दिवस जेवताना सांगितलं की तिला लग्न करायचंय आणि मुलगा कॅथलिक आहे.

मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. मुलगा चांगला होता, तिच्याच ऑफिसातला. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला. इतकी वर्षं खिरापतीच्या वाटीसमोर वाया गेलेलं माझं ज्ञान आता घरात कामाला येणार होतं. फक्त एकाच माणसाची धास्ती होती. ते माणूस समोर बसून भाकरी दुधात कुस्करत होतं.

माझी आई. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत तिने उभा जन्म शिकवलं. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं, तर इथे तिला भाषा कळेना, पण तिने तक्रार केली नाही. नातीला तिनेच वाढवलं. आम्ही दोघं नोकरीवर, आणि घरात या दोघींचं राज्य. मराठी वाचायला, प्रार्थना म्हणायला, खोटं न बोलायला आणि भाकरी थापायला मुलीला तिनेच शिकवलं. यातलं एकही मला नीट येत नाही.

आईने दूध संपवलं, वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "लग्न कुठं?"

"त्यांच्या चर्चमध्ये," मुलगी म्हणाली. "आजी, तू पुढच्या बाकावर बसायचंस."

"तिथं मूर्ती असतात."

"असतात."

आई एवढंच म्हणाली, "माझ्या आज्यानं मूर्ती सोडल्या म्हणून गावानं त्याला विहिरीवर येऊ दिलं नाही. बघते मी." आणि हात धुवायला उठली.

हे 'बघते मी' म्हणजे नकार नव्हता. शाळेतही ती असंच म्हणायची आणि निम्म्या वेळा सुट्टी द्यायची. म्हणजे प्रकरण अजून हातात होतं. मग ते मी हातात घेतलं आणि बिघडवलं.

झालं असं. बोलणी ठरल्यावर व्याह्यांनी आम्हा नवरा-बायकोला रविवारच्या मिस्सेला आणि मग घरी जेवायला बोलावलं. व्याही मूळचे पिरियापट्टणकडचे, तंबाखूवाल्या घरातले. पण तरुणपणीच इकडे येऊन लष्कर मोहल्ल्यात त्यांनी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचं वर्कशॉप टाकलं. त्यांचा भागीदार इथल्या जुन्या मराठी घराण्यातला, ज्याचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्याच्या संगतीत व्याही मराठी शिकले. ते मराठी एका वाक्यात दोनदा कन्नडमध्ये जाऊन येतं, पण मुक्कामाला पोचतं. माझं कन्नड भाजीवाल्यापर्यंत जातं आणि तिथेच राहतं.

मी जय्यत तयारीने गेलो. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे मी आदल्या दिवशी फोनवर व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. बायकोने विचारलं, "शेजारच्याकडे बघून करता येणार नाही का?" मी म्हणालो, "आपल्याला बघून लोकांनी करायला पाहिजे." प्रत्यक्षात व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्या देशातला निघाला. सगळे बसले तेव्हा मी उभा होतो आणि सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हा मी पायाखालची फळी शोधत होतो. तरी मी चेहऱ्यावर अभ्यासकाचा भाव ठेवला होता, म्हणजे आपण मुद्दाम निरीक्षण करायला उभे आहोत असा.

मग प्रभूची प्रार्थना आली.

आता इथे थोडा खुलासा केला पाहिजे. (बायको, तू दुसऱ्या खोलीत जाऊ शकतेस.) प्रभूची प्रार्थना सगळ्या पंथांची एकच. पण आमच्याकडे ती 'वाईटापासून सोडव' या मागण्यावर संपत नाही. त्याच्यापुढे आणखी एक ओळ असते, राज्य, सामर्थ्य आणि महिमा सगळं देवाचंच आहे अशा अर्थाची, आणि मग आमेन. कॅथलिक लोक त्या ओळीच्या आधी थांबतात. हे मला पुस्तकी माहीत होतं. पण प्रार्थना पुस्तकातून येत नाही. ती तोंडातून येते, आणि माझं तोंड आईच्या वर्गात तयार झालेलं आहे. वर्गात आईचा दंडक होता की शेवटची ओळ सगळ्यात मोठ्यानं. शेवटच्या बाकावरच्याला ऐकू गेली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. "मागताना हळू मागावं," ती म्हणायची, "पण देवाचं मोठेपण सांगताना कसली लाज?"

तर सगळे कन्नडमध्ये म्हणत होते आणि मी माझा मराठीत म्हणत होतो. शेवटापाशी सगळं चर्च थांबलं. मी थांबलो नाही. उलट छाती भरून घेतली आणि नगरच्या शाळेतला आवाज लावला. त्या उंच छताखाली माझं 'राज्य' सुटलं, 'सामर्थ्य' सुटलं, आणि 'महिमा' म्हणताना माझ्या लक्षात आलं की आपण एकटेच बोलतोय. पण तिथे थांबणं म्हणजे देवाला अर्ध्यावर सोडणं. मग मी ते 'आमेन'पर्यंत नेलं, हळूहळू बारीक होत, बॅटरी उतरलेल्या रेडिओसारखं. पुढच्या बाकावरच्या एका बाईने मागे वळून माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

मी खिशातून रुमाल काढला, तो मुद्दाम खाली पाडला आणि तो शोधायला बाकाखाली वाकलो. बराच वेळ वाकलेलाच राहिलो. वर काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. कानांतून नुसत्या वाफा निघत होत्या.

जेवताना व्याह्यांनी पानात आणखी एक वडा वाढला आणि म्हणाले, "परवागिल्ला सर, काय नाही. तुम्ही स्वल्प पुढं गेला. आम्ही मागनं येतो की, अल्वा, हो ना?"

मला वाटलं, माणूस भला आहे, समजूत घालतोय. मी वडा खाल्ला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कशी होती उपासना?" या प्रश्नाला 'चांगली' असं एक उत्तर असतं. माझ्या बायकोने ते दिलंसुद्धा. पण मला माझी फजिती जरा विद्वत्तेत गुंडाळून सांगायची होती. मी म्हणालो, "आई, तसं सगळं आपल्यासारखंच. फक्त प्रार्थनेतली शेवटची ओळ ते लोक म्हणत नाहीत."

आईने चष्मा काढला. "म्हणत नाहीत?"

"नाही. तिथंच थांबतात."

"देवाकडून सगळं मागून घेतात आणि तुझंच राज्य एवढंसुद्धा म्हणत नाहीत?"

इथेही गप्प बसता आलं असतं. पण येताना वाटेत मी फोनवर बरंच वाचन केलं होतं. मी सांगितलं की खरं तर त्यांचीही बाजू आहे, फार जुन्या हस्तलिखितांमध्ये ती ओळ सापडतच नाही, ती बहुधा नंतर कोणीतरी जोडलेली असावी, असं अभ्यासक म्हणतात.

बायको डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होती.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "मी एवढी वर्षं पोरांना खोटी ओळ शिकवली?"

"तसं नाही गं आई..."

"मूर्तींचं मी मनाशी सोडलं होतं. म्हटलं, भिंतीकडं बघायचंच नाही, पोरीकडं बघायचं. पण जिथं देवाचं देवाला देत नाहीत, तिथं मी येऊन काय करू? तुम्ही जा. मी घरून प्रार्थना करीन."

संध्याकाळी मुलीला कळलं. ती माझ्यावर ओरडली नाही, हे जास्त वाईट. फक्त म्हणाली, "पप्पा, आजी नसेल तर मला चर्चमध्ये लग्न नको. रजिस्टर करू आम्ही." मग आजीच्या खोलीत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दोघींनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि दोघींपैकी कोणीही मागे हटली नाही. स्वभाव एकीचा दुसरीत उतरलेला. मला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. एवढी माणसं सरळ चालत होती आणि मध्ये पाय घालणारा मी एकटा.

वाट काढली ती व्याह्यांनी. कोणी न बोलावता आले. वर्कशॉपमधूनच आलेले, नखांत काळं. आईच्या खुर्चीपुढे वेताचा मोडा ओढून बसले आणि म्हणाले, "अज्जी, एकदा येऊन बघा. नोडी, लग्नाला नाही, नुसतं रविवारी. आवडलं नाही तर उठा. मी स्वतः गाडीत घालून आणून सोडतो."

आई म्हणाली, "मूर्तीला हात जोडायला लागतील?"

"नाही अज्जी. बसायचं. गुडघ्यावर पण नको, तुमचं वय आहे."

"आणि मी माझी प्रार्थना पूर्ण म्हणणार. थांबणार नाही."

"म्हणा की! तुमच्या मुलानं म्हटली, छत पडलं नाही."

आई हसली. गेले कित्येक दिवस मी मुद्दे मांडत होतो, त्यातल्या एकालाही ती हसली नव्हती. दसऱ्याची मिरवणूक जिथे संपते त्या बन्नीमंटपच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला त्या दिवशी जेवढी किंमत असते तेवढीच, म्हणजे रस्त्यातून बाजूला व्हा एवढी, मला माझ्या घरात उरली होती.

रविवारी आम्ही गेलो. आई पुढून तिसऱ्या बाकावर बसली, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, पाठ ताठ. मूर्तींकडे तिने एकदा नीट पाहून घेतलं, वर्गात नवीन आलेल्या मुलांकडे बघावं तसं, आणि मग पाहिलं नाही. प्रार्थना सुरू झाली. ती मराठीत म्हणू लागली. शेवटापाशी मी हळूच तिच्या कोपराला हात लावला. तिने तो झटकला. सगळे थांबले आणि आई एकटी पुढे गेली, शेवटची ओळ, मोठ्यानं, एकही अक्षर न गाळता. माझ्यासारखा तिचा आवाज बारीक झाला नाही. 'आमेन' म्हणून तिने ओठ मिटले.

मी रुमालाला हात घातला. एवढ्यात वेदीवरून फादर शांतपणे पुढे म्हणू लागले, वाईटापासून सोडवण्याबद्दलच काहीतरी, चार-सहा वाक्यं. आणि ते थांबताच सगळं चर्च एका आवाजात बोललं. कन्नडमध्ये. पण त्यातला 'राज्य' हा शब्द आपल्याला कळतो. 'शक्ती' कळतो. 'महिमे'सुद्धा कळतो.

आई माझ्याकडे वळली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची कुजबुज पार दारापर्यंत जाते. "अरे, म्हणतात की रे!" ती म्हणाली. "सगळे म्हणतात! मधी फादर बोलतात आणि मग म्हणतात. आणि तू काय सांगत होतास?"

मागच्या वेळी ही ओळ आली तेव्हा मी बाकाखाली होतो. रुमाल शोधत. व्याही तेव्हा समजूत घालत नव्हते, माहिती देत होते. आम्ही मागनं येतो की. इतकी वर्षं पंथापंथांतले फरक सांगत फिरणाऱ्या माणसाला जरा डोकं वर करून पुढची दोन मिनिटं ऐकता आलं नाही.

परतताना गाडीत आई म्हणाली, "लग्नाला येते मी. पण एक कर. यापुढं मला काही समजावून सांगत जाऊ नकोस."

मी हो म्हणालो. आणि त्याच संध्याकाळी समजावून सांगायला बसलो. कारण आईनेच विषय काढला होता. ती म्हणाली, "लग्नाच्या दिवशी पोरीच्या सासरच्यांपुढं मी एकटीच पुढं पळत गेले तर बरं दिसणार नाही. मी थांबेन. त्यांच्याबरोबर म्हणेन."

मला भरून आलं. ही बाई जन्मात त्या जागेवर थांबली नव्हती. मग आम्ही रोज सराव करू लागलो. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळे थांबायचे, मी फादर होऊन मधली वाक्यं पुटपुटायचो, मग सगळे मिळून शेवटची ओळ. पहिल्या दिवशी आई थांबू शकली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तोंडावर हात ठेवला. मग हळूहळू जमलं. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "फक्त धीर धर. ओळ येतेच."

मधल्या काळात फादरांनी आम्हाला बोलावून विधी समजावला होता. वधू आणि वर वेगळ्या पंथांचे आहेत, म्हणून लग्न मिस्सेशिवाय करू. मिस्सा ठेवली तर आमच्या नियमाने तुमच्या बाजूची माणसं प्रभुभोजनाला पुढे येऊ शकणार नाहीत, निम्मं चर्च बसून राहील, ते कशाला? मला त्यांचा विचार फार आवडला. मी मान डोलावली. मिस्सा नाही म्हणजे मिस्सेतली फादरांची ती मधली वाक्यंही नाहीत, आणि ती नाहीत म्हणजे त्यांच्यामागून येणारी ओळही नाही, हे सोपं गणित या मान डोलावणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी आई पुढच्या बाकावर होती. मुलगी तिच्याकडे बघत आत आली, फोटोवाल्याकडे नाही. वचनं झाली, अंगठ्या झाल्या. मग प्रभूची प्रार्थना. सगळे उभे राहिले. आई माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणू लागली, आणि त्या जागेवर आली, आणि थांबली. सगळ्यांबरोबर. बरोब्बर. मला इतका अभिमान वाटला की मी व्याह्यांकडे पाहिलं.

फादरांनी पुस्तकाचं पान उलटलं.

आई वाट बघत होती. हात जोडलेले, मान थोडी पुढे, ओठ ओळीसाठी तयार. फादरांनी वधूवरांवर आशीर्वादासाठी दोन्ही हात उचलले. तेव्हा मला ते गणित सुटलं. ओळ येणार नव्हती.

"आता ना रे?" आई कुजबुजली, म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं.

माझ्याकडे खुलासा तयार होता. मिस्सा आणि मिस्सेशिवायचा विधी यांतला फरक मी तिथल्या तिथे तिला सांगू शकलो असतो. आई नातीसाठी थांबायला शिकली होती, आणि मी तिला नसलेल्या गाडीची वाट बघायला उभं केलं होतं. मी छाती भरून घेतली आणि शेवटची ओळ म्हणू लागलो. मराठीत, मोठ्यानं, नगरच्या शाळेतल्या आवाजात. एकटा.

'राज्य' मी एकट्याने म्हटलं. 'सामर्थ्या'ला आई आली, तिच्याबरोबर माझी बायको. 'महिमा' म्हणताना पलीकडच्या बाकावरून व्याह्यांचा जाडाभरडा आवाज कन्नडमध्ये येऊन मिळाला, आणि त्यांच्यामागून त्यांची सगळी माणसं, कोणी मागे, कोणी पुढे, कशाचा कशाला मेळ नाही. फादर हात तसेच वर धरून थांबले. 'आमेन' झाल्यावर त्यांनीही 'आमेन' म्हटलं आणि मगच आशीर्वादाला सुरुवात केली. नवरीने तेव्हा मागे वळून बघायचं नसतं. तिने बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

आई माझ्या हाताचा आधार घेऊन बाकावर टेकली. पदर नीट केला. मग तिने मान वळवून पार मागे, दारापर्यंत पाहिलं.

"शेवटच्या बाकापर्यंत गेलं," ती म्हणाली. "बस आता."